चौथं दार

चार छोट्या मोटरी. लाल वायरचं वेटोळं. बायकोचा टोमणा: "अहो, गाडीची दुरुस्ती आहे की पोस्टमॉर्टेम?"

लेकीने एकदा चालत्या गाडीचं दार उघडलं होतं. तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर. वेग वाढला की दारं आपोआप लॉक व्हावीत, म्हणून तो स्वतःच कामाला लागला. तीन दारांना मोटरी बसवून झाल्यावर त्याने एक चक्कर मारली. चौथ्या दारापाशी नेमकी लेक बसली.

खट् असा आवाज चारदा आला.

"ठमाबाई, दाराशी चाळे नकोत."

"बाबा, माझे हात मांडीवर आहेत."

आरशात खरंच होते. त्याने गाडी थांबवली, उतरून चौथं दार ओढलं. आतून कुणीतरी तितक्याच जोराने ओढलं.

उघड्या खिडकीत लेक शेजारच्या रिकाम्या जागेला समजावत होती, "सोड ना, माझे बाबाच आहेत."

गाडी त्याला विकण्याआधी जुन्या मालकाने तेवढ्याच दाराच्या लॉकच्या वायरी कापून टाकल्या होत्या.