फलकावरचा चेहरा

फवारेमास्तरांच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, त्याच वर्षीची गोष्ट.

"मास्क काढा हो, मास्तर! चेहरा दिसत नाही," फोटोग्राफर ओरडला.

फवारेमास्तर मक्यात थबकले. कृषी महाविद्यालयाच्या विस्तार विभागात ते शेतकऱ्यांना प्रात्यक्षिकं दाखवायचे. खरं पद काहीतरी लांबलचक होतं. पण सगळा जन्म पाठीवर फवारणीची टाकी घेऊन गेला, म्हणून शेतकऱ्यांनी हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं.

"काढा, काढा," सावलीतून प्राचार्य म्हणाले. "पाहणीला येणाऱ्या समितीला माणूस दिसला पाहिजे. असं दरोडेखोरासारखं तोंड बांधलेलं बघून कुणाला उमेद वाटणार?"

मास्तरांनी मास्क काढला. हातमोजेही काढले. फोटोग्राफरला उजेड हवा होता, म्हणून वाऱ्याकडे तोंड करून ते दोन ओळींमधून फवारत पुढे आले. निळसर तुषार त्यांच्या गालांवर, ओठांवर बसले. मास्तर हसत राहिले. फोटो झकास निघाला.

बांधावर जमलेल्या शेतकऱ्यांत बहिणीचा नवराही होता. घरचे सगळे त्याला जावईबुवा म्हणत. त्याने यंदा मका लावला होता, आणि बायकोच्या भावाचा शब्द त्याला शेवटचा होता.

"दादा, तुम्हाला काही होत नाही का हो?" त्याने विचारलं.

"काय व्हायचंय?" मास्तर बाहीने तोंड पुसत म्हणाले. "हाडं मुरलीत आमची."

सगळे हसले. जावईबुवा सगळ्यांत मोठ्याने हसला.

टाकी मात्र मास्तर स्वतः भरत, गोदामाच्या मागे जाऊन. तिथे त्या वेळी कुणी फिरकायचं नाही, असा विभागाचा जुना दंडक होता.

जाता जाता ते गोदामात शिरले. भिंतीला लागून खोकी रचली होती. मास्क, चष्मे, हातमोजे यांचे नवे संच, गावोगाव वाटायला आलेले.

"एक संच दे रे. जावईबुवांना हवाय."

"समिती येऊन गेली की न्या," गोदामवाला म्हणाला. "प्राचार्यांची ताकीद आहे. एकही पॅकिंग फुटलेलं दिसता कामा नये."

"अरे, वाटायला आलेत ना ते?"

"वाटायला आलेत, पण आधी दाखवायला आलेत. आणि तुम्हाला हो कसली चिंता? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तुम्हीच तर आत्ता फोटोला मास्क काढलात!"

मास्तर ओशाळं हसले. गोदामवाल्याशी भांडण उकरून काढण्यात अर्थ नव्हता, आणि प्राचार्यांशी भांडायची छाती नव्हती. समिती महिन्याभरात येणार होती. तेवढं थांबता येईल, असं त्यांना वाटलं.

समितीच्या वाटेवर जी जी गावं होती, तिथे तो फोटो मोठ्या फलकांवर चढला. खाली ठळक अक्षरं होती, 'अशी करा फवारणी'.

बहिणीचा फोन आला. "दादा, आमच्या चौकात लागलायस तू! सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगतात, हा आमच्या सुनेचा भाऊ."

मास्तरांना मूठभर मांस चढलं. मग जरा थांबून ते म्हणाले, "हे बघ, मी संच पाठवतो. तोवर जावईबुवांना तोंडाला फडकं बांधायला सांग."

"सांगते. पण ते म्हणतील, तुझा भाऊ बांधतो का?"

ती हसली. मास्तरही हसले. विभागातली गोष्ट विभागातच ठेवायची सवय जुनी होती. ती त्या वेळीही मोडली नाही.

पुढचा फोन सासूबाईंचा होता. त्यांना धड बोलताच येत नव्हतं.

इस्पितळात जावईबुवाच्या तोंडाला फेस होता. हात थडथड उडत होते. डॉक्टर चिडून बाहेर आले.

"मका डोक्याएवढा वाढलेला. तोंड उघडं, हात उघडे, वर वाऱ्याकडे तोंड! असं फवारायला यांना शिकवलं कुणी?"

 बहिणीने भावाकडे पाहिलं. डॉक्टर पुन्हा आत गेले.

मास्तर भिंतीला टेकले. 

"ताई," ते म्हणाले. धाकटीला त्यांनी जन्मात कधी ताई म्हटलं नव्हतं. "त्या टाकीत औषध नव्हतं गं. पाणी होतं. नीळ कालवलेलं पाणी. प्रात्यक्षिकाला आम्ही पाणीच भरतो. साहेब लोक जवळ उभे असतात ना."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. 

"पाणी कुणाला दिसलं, दादा?" ती म्हणाली. "आम्हाला तू दिसलास."

शुक्रवारी सकाळी समितीने गोदाम पाहिलं. खोकी कोरी करकरीत होती, रचलीही सुबक होती. शेरा उत्तम मिळाला. धाकटीचा नवरा त्याच सकाळी गेला. मक्याला अजून कणसं धरली नव्हती.