वशीकरण

जेवणाच्या टेबलावर खेळ रंगला होता. गोष्ट लेक रचायची आणि घरातल्यांनी आपापलं पात्र खेळायचं. बाबांचा सरदार किल्ल्याच्या दारात पोहोचला.

"जादूगारिणीने सरदाराच्या डोक्यावर हात ठेवून मंत्र म्हटला," लेक म्हणाली. "‘तुझ्या भल्याचंच आहे. पुढे मलाच दुवा देशील.’ झालं, सरदार वश झाला. तलवार टाकून तिच्यामागे निघाला."

बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "निघाला म्हणजे? आधी मला फासा टाकू दे! मंत्र झुगारायची संधी मिळते, नियमच आहे तसा!"

"कशाला? तो खूश आहे."

"खूश आहे हे ठरवणारी तू कोण?" बाबांनी टेबलावर मूठ आपटली तशी सरदाराची सोंगटी आडवी झाली. "पात्र माझं, मन माझं आणि मलाच विचारायचं नाही? ही कुठली दादागिरी?"

"अहो, खेळ आहे तो," आई म्हणाली.

"खेळ गेला खड्ड्यात!"

लेकीने सोंगटी उचलून उभी केली.

"मंत्र माझा नाही, बाबा. सकाळी माझ्या नव्या नोकरीला परस्पर नकार कळवलात आणि वर मला जे म्हणालात, तेच आहे. शब्द न् शब्द."