वारा पडेपर्यंत

“दूध उतू जातं ना गो, तसा हाय आमचा राघो. एक फुंकर घातलीस का बसंल खाली.”

सोयरीक जमवताना सासू म्हणाली होती. सरस्वतीच्या कानात ते अजून होतं. इतकी वर्षं ती फुंकरच घालत आली होती.

आणि आज तीच सासू, सकुबाई, शेताच्या बांधावर मुरबाडहून आलेल्या हवालदाराला सांगत होती, “त्याच्या हातात नाय ते, सायेब. राग आला का डोळ्यांपुढं अंधारीच येते त्याच्या. बापाचं पण तसंच व्हतं.”

“मागल्या खेपेलाही हेच, आजी. त्याच्या मागल्या खेपेलाही हेच!” हवालदार टोपीनं वारा घेत म्हणाला. “तिकडं बुधूचा हात मोडलाय ह्यानं. आता भातलावणीच्या मजुरीला त्याला कोण बोलावणार? आणि कशापायी, तर ह्याच्या ऐनाच्या झाडाची डहाळी तोडली म्हणून!” तो सरस्वतीकडे वळला. “बाई, पाहणारी तू एकटी. एकदम भडका उडाला, की कसं? तसं असेल तर तसा जबाब घेतो. कोर्टात त्याला हलकं जाईल.”

सरस्वती राघोकडे बघत होती.

राब रचून तयार होता. शेण, त्यावर पाला, गवत, वरून मातीचा पातळ थर. हे भाजलं की पावसाआधी इथंच भाताचं रोप पेरायचं. राघो कडेला उकिडवा बसला होता, मुठीत काडेपेटी.

“लाव ना एकदाचा! लाव नि चल माझ्याबरोबर,” हवालदार ओरडला. “माझी एस.टी. जाईल.”

“वारा हाय, सायेब,” राघो शांतपणे म्हणाला. “आता लावला त पलीकडची पेंढ्याची उडवी जाईल. वारा पडू द्या.”

चिमूटभर धूळ उडवून त्यानं पाहिली. पुन्हा बसला. हवालदारानं शिवी हासडली; तो नुसता हसला. एक माशी कपाळावर फिरत होती, तीही त्यानं फिरू दिली.

आंब्याची पानं हलायची थांबली तेव्हा तो उठला. उरल्यासुरल्या वाऱ्याच्या उलट्या अंगानं त्यानं काडी लावली. हिरवी फांदी घेऊन जाळाच्या कडेकडेनं चालू लागला. डोकं वर काढील त्या ज्वाळेला थोपटत होता, लेकराला निजवावं तसा. आग मांजरीसारखी त्याच्या पायांशी चालली होती.

“बघा, किती गुणाचा हाय,” सकुबाई म्हणाली. “राग तेवढा आवरत नाय.”

“आवरतो.”

सकुबाईची मान झटकन वळली. “काय बोलतंस गो?”

“आवरतो, आई.” सरस्वती हवालदाराकडे वळली. “लिवा, सायेब. बुधू डहाळी घेऊन निघाला, तवा पोलीस पाटलांची फटफटी येत व्हती. हे बुधूच्या खांद्यावर हात ठेवून हसत उभे राहिले. पाटलांना रामराम घातला. फटफटी वळणाआड गेली. तिचा आवाज पण थांबला. मग ह्यांनी दांडका उचलला.”