हसऱ्या पाखरांची गणती

नागा डोंगरातली हसरी पाखरं थव्यानेच राहतात आणि थव्यानेच हसतात. विसाखो आणि त्याच्या चार मित्रांनी तरुणपणी हुबेहूब तसंच हसून त्यांना जवळ बोलावलं, गलोलीने टिपलं आणि एकूण एक पाखरू रश्शात घातलं.

पुढे म्हातारपणी कळलं, की ही पाखरं असतील तरच गावचं जंगल दगडखाणीपासून वाचणार. तेव्हापासून दर उन्हाळ्यात पक्षीतज्ज्ञ मोजणीला आले, की पाचही म्हातारे बांबूच्या गचपणात दडून हसायचे. पाखरू काही दिसायचं नाही, पण साहेब आवाजावरून ओळखायचे आणि खुशीत वहीत लिहायचे, "पाच!"

मग चार झाले, मग तीन, मग दोन. गेल्या हिवाळ्यात उरलेला एकुलता मित्र झासेतो मरता मरता म्हणाला, "विसाखो, आता माझ्या वाटचंही तूच हस. आणि चिंगूसपणा करू नकोस, लेका!"

यंदा विसाखो गचपणात एकटाच बसून हसला. मधेच त्याला ढास लागली.

चार हात अंतरावर उभ्या साहेबांनी कान टवकारले आणि मोठ्याने बोलत वहीत लिहिलं,

"एकच उरलाय. नर. वय झालेलं, छातीत घरघर. पुढच्या वर्षी नसेल."