चालतोय तोवर

"फोन तर म्हणतोय, सगळं अपडेटेड आहे," लिफ्टमास्तरांच्या बायकोने मोबाईल दुरुस्तीवाल्याच्या काउंटरवर फोन ठेवला. "मग व्हिडिओ कॉल का लागत नाही?"

मागच्या स्टुलावर मास्तर टेकले. दोघं हॉस्पिटलातून थेट इथेच आले होते. डॉक्टर मास्तरांना म्हणाले होते, गोळ्या बंद करा, पथ्य सोडा, पुढच्या महिन्यात यायची गरज नाही. बायको हरखली. ही बातमी बहिणीला तोंड दाखवूनच द्यायची म्हणून हटून बसली, आणि नेमका फोनने दगा दिला.

मास्तरांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. डॉक्टरांचा तो मऊ आवाज त्यांनी लगेच ओळखला. कंपनीने सुटे भाग पाठवणं बंद केलं की ते स्वतः गिऱ्हाइकाशी तसंच बोलायचे. पण बायकोला सांगायला जीभ रेटेना. वाटेत त्यांनी भलताच डाव टाकला: पथ्य सुटलं ना, मग आज चहात साखर. तिने तो जागच्या जागी हाणून पाडला. इतक्या मुश्किलीने बरे झालात, आता जिभेचे चोचले पुरवून माझ्या मेहनतीवर पाणी फिरवू नका, म्हणाली.

दुकानदाराने फोन उलटसुलट करून पाहिला. हा म्हातारा झालाय, काकू, म्हणाला. व्हिडिओचं नवीन ॲप याला झेपत नाही. कंपनीने अपडेट पाठवणंही कधीच सोडलंय.

"अहो, पण यात लिहिलंय ना?"

"नवीन काही येणारच नाही म्हटल्यावर तो बिचारा दुसरं काय म्हणणार? शेवटचं आलं ते घालून झालं. म्हणून सगळं ठीक."

मास्तर घाईघाईने मध्ये पडले. ऐकू नकोस गं, याला नवा फोन आपल्या गळ्यात मारायचाय, म्हणाले, आणि दुकानदाराला डोळा मारला.

दुकानदार हसला. "नाही हो काका, उगीच कशाला खर्चात पडता? चालतोय तोवर चालवा."

बायकोचा हात फोनवर तसाच थांबला.

हे वाक्य तिच्या घरचं होतं. बिल्डिंगवाल्यांचा फोन आला की मास्तर त्यांना गोडीत हेच सांगायचे. आणि रिसीव्हर ठेवला की तिच्याकडे वळून म्हणायचे, गेली ही लिफ्ट.

ती वळली. मास्तर भिंतीवर टांगलेली कव्हरं फार बारकाईने बघत होते.

तिने फोन पुसून पर्समध्ये ठेवला. बहिणीचं नाव पुन्हा काढलं नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्यापाशी मात्र तीच आधी थांबली.

"यांच्या चहात साखर घाला," ती म्हणाली. "दोन चमचे."

या दोन चमच्यांसाठी मास्तरांनी तीन वर्षं काय काय सोंगं केली होती. चक्कर आल्याचं नाटक केलं, शेजाऱ्याच्या कपाची अदलाबदल केली, एकदा तर साखरेच्या डब्यावर 'मीठ' लिहून ठेवलं. आता काहीतरी टोला हाणावा म्हणून त्यांनी तोंड उघडलं. मग नुसता कप घ्यायला हात पुढे केला.

बायकोने त्यांचा कप आपल्याकडे ओढला आणि चमच्याने ढवळायला लागली. साखर कधीच विरघळली होती. ती ढवळतच राहिली.