टोकावरची गुढी

पाडव्याला इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातून पाचजण स्कॉटलंडच्या डोंगरात आले होते. सुयशचा गुडघा दुखत होता म्हणून तो खालीच तळ्याकाठी थांबला, बाकी चौघं माथ्यावर पोचले. लख्ख ऊन पडलं होतं आणि पायाखालचा बर्फ भिजलेल्या साखरेसारखा झाला होता.

अवधूतने ट्रेकिंगची काठी पार पुढे, बर्फाच्या टोकाला रोवली. तिला श्रद्धाची ओढणी बांधली, साखरेची गाठी घातली, वर स्टीलचा पेला उपडा ठेवला.

"इतकं पुढे नको रे," मागच्या खडकावर बसून श्रीखंडाचा डबा उघडत निधी म्हणाली. "सकाळच्या फोरकास्टमध्ये होतं, ऊन चढलं की कडेपासून लांब राहा."

"मॅडम, गुढी काय घरात लपवून ठेवतात? खालून सुयशला दिसायला नको? चल ये, तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम उडी मारायची. व्हिडिओ लावलाय."

"तुम्ही तिघं मारा. माझे हात चिकट झालेत."

तिघं गुढीभोवती उभे राहिले. "एक!" ईशिता ओरडली.

निधीच्या खिशात फोन थरथरला. सुयशने खालून फोटो काढून पाठवला होता. 'कसली भारी दिसतेय गुढी! हवेत उभी असल्यासारखी!'

"दोन!"

निधीने चिकट बोटांनीच फोटो मोठा केला.



गुढीखाली आणि त्या तिघांच्या पायांखाली कड्याबाहेर आलेला नुसता बर्फ होता. त्याच्याखाली डोंगर नव्हता.