पारासमोरून

कमलबाईंनी पिशवीतून आधी काळी पँट काढली, मग पांढरा शर्ट. डबा ठेवायला म्हणून त्यांनी पिशवी उघडली होती. न्हाणीतून आलेली त्यांची सून नूतन दारातच थबकली. अंगावर साडी, डोक्यावर पदर, आणि आता लपवायला काही उरलं नव्हतं.

“हाई कोनं शे?” कमलबाईंनी विचारलं.

“माझंच, अक्का. मुलाखतीत शिडीवर चढायला लावणार आहेत. साडी चालणार नाही म्हणाले. मी घरून साडीतच निघणार होते. धुळ्याला स्टँडच्या संडासात बदलून घेतलं असतं.”

ही युक्ती तिच्या नवऱ्याची होती. योगेंद्र टेम्पो घेऊन आदल्या दिवशीच सुरतेला गेला होता. नूतनने लग्नाआधी, पहूरला माहेरी असताना, आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला होता. ते प्रमाणपत्र चार वर्षं ट्रंकेत पडून होतं. धुळ्याच्या कंपनीत मुलाखतीला जायला सासऱ्यांचा, म्हणजे झुलालआबांचा, होकार मिळवता मिळवता योगेंद्रच्या नाकी नऊ आले होते. कपड्यांचा विषय काढायची त्याची छाती झाली नाही. या गावात सुनेच्या डोक्यावरचा पदर घसरला तरी दुसऱ्या दिवशी चर्चा व्हायची.

कमलबाईंनी शर्ट उलटसुलट करून पाहिला.

“तू चोरी कराले चालनी का?”

“नाही, अक्का.”

“मंग संडासमा लपीसन कपडा कसाले बदलशी? घरथीनच घालीसन जाय.”

नूतनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण कमलबाईंनी शर्टाच्या चुण्या तळहाताने मोडायला घेतल्या होत्या. ती कपडे घालून बाहेर आली, तेव्हा सासूचा हात सवयीने तिच्या कपाळाकडे गेला. पदर पुढे ओढायला. हात हवेतच राहिला. मग त्यांनी तो तिच्या कॉलरवरून फिरवला आणि म्हणाल्या, “चाल.”

मागच्या गल्लीतूनही एसटीच्या थांब्यावर जाता येत होतं. नूतन तिकडे वळली. कमलबाई वळल्या नाहीत. त्या भर रस्त्याने, पारासमोरून निघाल्या.

पारावर सकाळचा चहा चालला होता. आबा मध्ये बसले होते. शेजारी पितांबरनाना, कौतिकभाऊ, आणखी दोघे-तिघे. सगळ्या माना रस्त्याकडे वळल्या. नूतनची नजर स्वतःच्या बुटांवर खिळली. पँटच्या दोन पायांत आपण किती मोठा आवाज करत चाललो आहोत, असं तिला वाटलं.

“झुलाल,” पितांबरनाना सावकाश म्हणाले, “हाई कोन शे रे?”

उत्तर दिलं कमलबाईंनी. पारासमोर उभं राहून त्या आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होत्या, म्हणून आवाज थोडा जास्तच चढला.

“तुमनी मोटर जळनी तवय मांगला दारथीन बलावाले उनथात ना, नाना? तीच हाई. आते पुढला दारथीन चालनी.”

कौतिकभाऊंना हसू आलं, ते त्यांनी चहात बुडवलं. पितांबरनानांनी नजर ग्लासात घातली; ती मोटर नूतननेच गुपचूप दुरुस्त करून दिली होती. आबांनी ग्लास खाली ठेवला. बायकोकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, धोतराचा सोगा सावरला आणि पारावरून उतरले. तेवढ्यात एसटी आली. नूतन चढली. तिच्या मागोमाग आबाही चढले.

आबा पुढच्या बाकावर बसले, नूतन मागे. वाटभर त्यांनी एकदाही मान वळवली नाही. मागून फक्त त्यांची पांढरी टोपी दिसत होती. हा माणूस रागावला की ओरडत नाही, गप्प होतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कंपनीत जाऊन साहेबालाच सांगतील, आमच्या घरात हे चालत नाही म्हणून. नूतनने शिडी, वायरिंग, सगळी उत्तरं मनात घोकायची ठरवली होती. त्यातलं एकही आठवेना.

धुळ्याला उतरल्यावर तिने धीर केला. “आबा, मी परत येते घरी. तुम्हाला पटत नसेल तर...”

आबांनी हात करून रिक्षा थांबवली. “एमआयडीसी,” म्हणाले आणि पुढे रिक्षावाल्याशेजारी जाऊन बसले.

त्या दिवशी नूतन शिडीवर सरसर चढली. बंद पडलेल्या पॅनलमधला बिघाड तिने शोधून दाखवला. शर्टाच्या दोन्ही बाह्या काळ्या झाल्या. समोरच्या साहेबांनी एक तारखेपासून कामावर यायला सांगितलं. आज ती त्या कंपनीत पक्की आहे, आणि गावातल्या दोन मुली आयटीआयला जातात. पण मुलाखत कशी झाली असं कुणी विचारलं, की ती हे काही सांगत नाही. ती फाटकावरचं सांगते.

फाटकावरच्या रखवालदाराने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि दार उघडलं. “इलेक्ट्रिशियन ना? या मॅडम.” मग धोतर-टोपीतल्या आबांपुढे त्याने काठी आडवी धरली.

“बाबा, तुम्ही कुठे? कोण तुम्ही?”

आबांना आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. पंचक्रोशीत त्यांना झुलालभाऊ म्हणून न ओळखणारा माणूस नव्हता. नूतन जागच्या जागी थांबली. आता ते बोलणार, आणि सगळं संपणार.

आबांनी टोपी सरळ केली. छाती पुढे काढली. आणि कचेरीत बोलतात तशा स्वच्छ मराठीत, लांबच्या माणसालाही ऐकू जावं असं म्हणाले,

“मी नूतन इलेक्ट्रिशियनचा सासरा.”